तार्तू, मुक्काम पोस्ट लुंड

१९५० साल एस्टोनियन कवितेला फार वाईट गेलं. त्या वर्षी मार्चमध्ये एस्टोनियाच्या कम्युनिस्ट पक्षाच्या मध्यवर्ती समितीची आठवी बैठक ताल्लिनमध्ये भरली आणि ‘बूर्झ्वा राष्ट्रवादी’ असा शिक्का बसलेल्यांची पक्षातून, विद्यापीठातून, लेखक संघातून हकालपट्टी सुरू झाली. बेट्टी आल्व्हेर ही त्या पिढीतली बहुधा सर्वांत मोठी कवयित्री. तिलाही लेखक संघातून काढलं. सोव्हिएत राजवटीत लेखक संघाबाहेर पडणं म्हणजे छापून येण्याच्या साऱ्या वाटा बंद होणं. तिचा नवरा हेइति ताल्विक हाही कवी. १९४५ साली त्याला अटक झाली, सैबेरियात पाठवलं गेलं आणि १९४७ साली तो तिकडेच वारला. त्याच्या कबरीचा ठावठिकाणा लागला नाही.

त्याच १९५० साली बाल्टिक समुद्राच्या पलीकडे, स्वीडनच्या दक्षिण टोकाजवळच्या लुंड या विद्यापीठाच्या गावातून ‘तुलिमुल्द’ नावाचं एस्टोनियन साहित्यविषयक नियतकालिक निघू लागलं. तुलिमुल्द म्हणजे अग्निमाती. संपादक होता बर्नार्ड कांग्रो, चाळिशीचा निर्वासित कवी. आल्व्हेर आणि ताल्विक हे त्याचे एस्टोनियातल्या तार्तू शहरातले तरुणपणीचे सोबती. मायदेशात ज्या कवितेचं तोंड बांधलं जात होतं, तिच्यासाठी परक्या देशातल्या एका छोट्या गावात जागा राखून ठेवायची, हे काम कांग्रोनं अंगावर घेतलं आणि पुढची ४३ वर्षं ते नियतकालिक चालवलं. मोठ्या भाषांच्या साहित्येतिहासात अशा माणसाला तळटिपेत जागा मिळते. एस्टोनियन साहित्याच्या इतिहासात मात्र त्याला वगळून पुढे जाताच येत नाही.

कांग्रोचा जन्म १८ सप्टेंबर १९१० रोजी दक्षिण एस्टोनियातल्या वोरू भागात, आंत्सला परिसरातल्या एका शेतकऱ्याच्या घरी झाला. हा भाग टेकड्यांचा, तळ्यांचा आणि जंगलांचा. इथली बोली ताल्लिनच्या प्रमाणभाषेपेक्षा इतकी वेगळी की वोरूच्या लोकांना आपली भाषाच स्वतंत्र वाटते. जुन्या एस्टोनियन शेतकऱ्याचं घर आणि खळं एकाच छपराखाली असे. मधल्या खोलीत दगडी भट्टी पेटायची, तिच्या धुरात आणि उष्णतेत वर वाशांवर रचलेल्या पेंढ्या वाळायच्या आणि थंडीत त्याच खोलीत माणसं राहायची. कांग्रोच्या १९३९ सालच्या संग्रहाचं नाव या भट्टीवरूनच आहे. त्याआधीच्या १९३७ सालच्या संग्रहाचं नाव ‘जुनी घरं’. काजळीनं काळे पडलेले वासे, भुताखेतांच्या गोष्टी, मृतांविषयीच्या समजुती, मंत्रतंत्र हे त्याच्या कवितेचं पहिलं भांडवल. पण हे सारं त्यानं १९३५ सालच्या पहिल्या संग्रहापासून बांधलं ते सुनीतासारख्या कडक आकारात. खेड्यातला अंधार आणि विद्यापीठात कमावलेली शिस्त यांच्या ओढाताणीमुळे त्या सुरुवातीच्या कविता आजही ताज्या वाटतात.

विद्यापीठ अर्थातच तार्तूचं. १६३२ साली स्वीडनचा राजा गुस्ताव्ह अडॉल्फ यानं त्याची स्थापना केली. त्यानंतर शतकानुशतकं तिथे परक्या भाषांचं राज्य होतं. १९१८ साली एस्टोनिया स्वतंत्र झाला आणि १९१९ साली विद्यापीठ एस्टोनियन भाषेत शिकवू लागलं. कांग्रोची पिढी या नव्या स्वातंत्र्यात वाढलेली पहिली पिढी. शेतकऱ्यांची मुलं आपल्याच भाषेतून शिकत होती, व्याकरणावर वाद घालत होती आणि बॉदलेअरपासून शेक्सपिअरपर्यंत सगळ्यांना आपल्या भाषेत आणत होती.

१९३८ साली तार्तूमधले इंग्रजीचे प्राध्यापक आन्त्स ओरास यांनी आठ तरुण कवींच्या कवितांचं एक संकलन काढलं, ‘आर्बुयाद’. आर्बुयाद म्हणजे मांत्रिक, भाकीत सांगणारे. बेट्टी आल्व्हेर, हेइति ताल्विक, उकू मासिंग, बर्नार्ड कांग्रो, आउगुस्त सांग, केर्स्ती मेरिलास, पाउल व्हीडिंग आणि मार्ट राउद असे ते आठ जण. त्यांचा जाहीरनामा नव्हता, एकमेकांशी साम्यही फारसं नव्हतं. ताल्विकची कविता कठोर आणि नैतिक, मासिंगची गूढ, कांग्रोची लोककथेच्या धुक्यातली. तरी एक गोष्ट समान होती. शब्दाला स्वतःचं वजन असतं आणि ते कुणाच्या सोयीसाठी हलकं करायचं नाही, असं ते सगळे मानत. दहाएक लाख माणसांच्या एका भाषेत, एकाच गावाभोवती एवढे चांगले कवी एकाच वेळी जमावेत हा योग दुर्मीळच.

पुढच्या वर्षी, २३ ऑगस्ट १९३९ रोजी, मॉस्कोत मोलोटोव्ह आणि रिबेनट्रॉप या सोव्हिएत आणि जर्मन परराष्ट्रमंत्र्यांनी करारावर सह्या केल्या आणि एस्टोनियाचं भवितव्य एस्टोनियन माणसाला न विचारता ठरलं. जून १९४० मध्ये सोव्हिएत सैन्यानं देशाचा ताबा घेतला. १४ जून १९४१ रोजी सुमारे दहा हजार लोकांना गुरांच्या डब्यांत कोंबून पूर्वेकडे नेलं. काही आठवड्यांत जर्मन आले. तीन वर्षांनी पुन्हा रशियन तोफांचा आवाज ऐकू येऊ लागला. या काळात कांग्रो तार्तूच्या ‘वानेमुइने’ या नाट्यगृहात काम करत होता. ऑगस्ट १९४४ मध्ये लाल सैन्य तार्तूत शिरलं आणि त्या लढाईत नाट्यगृहाची जुनी इमारतही जळाली.

१९४४ च्या शरद ऋतूत जे घडलं त्याला एस्टोनियन लोक ‘मोठं पलायन’ म्हणतात. सत्तर ते ऐंशी हजार लोकांनी देश सोडला. पंचवीस हजारांच्या आसपास माणसं स्वीडनला पोहोचली, त्याहून जास्त जर्मनीला गेली. मासेमारीच्या होड्या, गळके मचवे, जे मिळेल त्यातून लोक निघाले. वादळांत आणि हल्ल्यांत किती बुडाले याचा नेमका हिशेब कधीच लागला नाही. २२ सप्टेंबरला ताल्लिन पडलं. कांग्रो फिनलंडमार्गे स्वीडनला पोहोचला. मारी उन्देर ही सर्वांत वडीलधारी कवयित्री, कादंबरीकार आउगुस्त गाइलित, कार्ल रिस्तिकिवी, तरुण काल्यू लेपिक असे कितीतरी लेखक या लोंढ्यात बाहेर पडले. एखाद्या देशाच्या साहित्याची अशी उभी फाळणी क्वचितच झाली असेल. निम्मे लेखक एका किनाऱ्यावर, निम्मे दुसऱ्या, आणि मध्ये पोलादी पडदा.

स्वीडनमध्ये जीव वाचला, पण भीती संपली नाही. स्वीडिश सरकारनं एस्टोनियाचं सोव्हिएत संघातलं विलीनीकरण मान्य केलं होतं. जानेवारी १९४६ मध्ये जर्मन गणवेशात आश्रयाला आलेल्या १४६ बाल्टिक सैनिकांना स्वीडननं सोव्हिएत संघाच्या हवाली केलं. त्यांत बहुतेक लाटव्हियाचे होते, थोडे एस्टोनियन आणि लिथुआनियन. उद्या आपली पाळी येईल, या धास्तीनं कित्येक निर्वासित पुन्हा समुद्रात उतरले. ‘एर्मा’ नावाच्या अकरा-बारा मीटर लांबीच्या शिडाच्या होडीतून १६ जणांनी १९४५ सालीच अटलांटिक ओलांडून अमेरिका गाठली होती. पुढच्या वर्षांत अशा बऱ्याच होड्या निघाल्या. म्हणून १९५० पर्यंत एस्टोनियन वाचक स्टॉकहोम, गॉटेनबर्ग, टोरांटो, न्यूयॉर्क, सिडनी असा जगभर विखुरला. दिवसा कारखान्यात किंवा जंगलतोडीवर काम आणि संध्याकाळी एस्टोनियन पुस्तक. या लोकांची वाचनाची भूक पाहिली तर थक्क व्हायला होतं. युद्धानंतरच्या पहिल्या दशकात मूळ एस्टोनियन ललित साहित्य मायदेशापेक्षा परदेशात अधिक प्रसिद्ध होत होतं.

पण भूक आहे म्हणून जेवण आपोआप शिजत नाही. सुरुवातीला प्रकाशनाची मोठी बाजू ‘ओर्तो’ या व्यापारी संस्थेनं सांभाळली. ती स्वीडनमधल्या वादस्तेना गावी सुरू झाली आणि पुढे टोरांटोला गेली. लेखकांना मात्र स्वतःच्या हातातलं काहीतरी हवं होतं. १९४५ च्या डिसेंबरात स्टॉकहोममध्ये परदेशस्थ एस्टोनियन लेखकांचा संघ उभा राहिला होता आणि कादंबरीकार आउगुस्त माल्क त्याचे अध्यक्ष होते. त्यानंतर ‘तुलिमुल्द’च्या सुमारासच लुंडमध्ये ‘एस्टोनियन लेखक सहकारी संस्था’ स्थापन झाली. लेखकच सभासद आणि लेखकच मालक. तिचा कारभार कांग्रोकडे आला तो मरेपर्यंत त्याच्याकडेच राहिला.

कवीच्या चरित्रात हा भाग सहसा दोन ओळींत उरकला जातो. मला तो सर्वांत महत्त्वाचा वाटतो. निर्वासित साहित्याचं अर्थशास्त्र अगदी निर्दय असतं. लुंडच्या किंवा टोरांटोच्या पुस्तकविक्रेत्याला एस्टोनियन कादंबरी ठेवून काय मिळणार? वाचक वर्गणीदार म्हणून आधीच बांधून घ्यावा लागे आणि पुस्तक टपालानं त्याच्या दारात न्यावं लागे. हस्तलिखितं वाचायची, लेखकाशी वाद घालायचा, छपाईचं बघायचं, मुद्रितं तपासायची, वर्गणीची आठवण करून द्यायची आणि पाच खंडांत पांगलेल्या माणसांशी पत्रव्यवहार ठेवायचा. वाचक दरवर्षी म्हातारे होत होते आणि मुलं स्वीडिश किंवा इंग्रजी शाळांत जात होती. हे गणित कांग्रोला पहिल्या दिवसापासून दिसत असणार. तरी ते यंत्र चार दशकांहून अधिक काळ चाललं.

आणि त्या यंत्रातून निघालं काय? १९५२ साली आर्वेद वीरलाइद याची ‘क्रूस नसलेल्या कबरी’ ही दोन खंडांची कादंबरी निघाली. जंगलात लपून सोव्हिएत सत्तेशी लढणाऱ्या एस्टोनियन तरुणांची ही कथा. मायदेशात तिचं नाव उच्चारणंही धोक्याचं होतं, बाहेर तिची कित्येक भाषांत भाषांतरं झाली. १९५३ साली रिस्तिकिवीची ‘आत्म्यांची रात्र’ आली. नववर्षाच्या आदल्या रात्री स्टॉकहोमच्या गर्दीत एकटा फिरणारा माणूस एका अनोळखी घरात शिरतो आणि त्या घरात एकामागून एक खोल्या उघडत जातात, बाहेरची वाट सापडत नाही. गावाकडच्या आठवणींत रमणाऱ्या निर्वासित वाचकाला हे पुस्तक बुचकळ्यात टाकणारं होतं. वर्गणीवर जगणाऱ्या प्रकाशकानं असं पुस्तक काढणं याला धैर्य लागतं. आज एस्टोनियन आधुनिक कादंबरीची चर्चा या पुस्तकाशिवाय होत नाही. रिस्तिकिवीनं पुढे मध्ययुगीन युरोपावरच्या कादंबऱ्यांची मोठी मालिका लिहिली आणि तीही लुंडहूनच येत राहिली. तो स्टॉकहोमच्या बाजूला, कांग्रो लुंडला. कादंबरीच्या कलेवर दोघं एकमेकांना लिहीत राहिले आणि तो पत्रव्यवहारही पुढे पुस्तकरूपानं आला.

‘तुलिमुल्द’वर टीका झाली नाही असं नाही. १९५७ साली कवी इवार ग्र्युन्ताल यानं ‘माना’ हे दुसरं नियतकालिक काढलं. त्याचा सूर अधिक तरुण, अधिक भांडखोर. निर्वासितांमध्ये तेव्हा एक प्रश्न फार तीव्रतेनं पेटला होता. सोव्हिएत एस्टोनियात छापल्या जाणाऱ्या पुस्तकांशी, तिथल्या लेखकांशी संबंध ठेवायचा की नाही? ठेवला तर आपण जुलमाला मान्यता देतो का? न ठेवला तर स्वतःच्याच भाषेच्या जिवंत अर्ध्या भागाकडे पाठ फिरवतो का? ‘माना’ या बाबतीत मोकळं होतं, ‘तुलिमुल्द’ सावध आणि परंपरेला धरून. कांग्रोची सावधगिरी कधीकधी जड वाटते हे मान्य केलं पाहिजे. पण ज्याच्या सात सोबत्यांपैकी एकजण सैबेरियात मेला, ज्यांच्यातल्या आल्व्हेर, सांग आणि मेरिलास यांना संघाबाहेर काढलं गेलं, ज्यांच्यातल्या मासिंगच्या कवितांना मायदेशात छापखान्याचं दार बंद झालं, त्याचा हात पुढे करताना अडखळला तर त्याला दोष द्यायला माझं मन धजत नाही. हे मासिंग आणि त्यांची पत्नी एहा म्हणजे जर्मन काळात जीव धोक्यात घालून एका ज्यू माणसाला लपवणारं जोडपं, हेही इथे सांगायला हवं. नाझी आणि सोव्हिएत या दोन्ही राजवटींशी त्या छोट्या कविमंडळाचा असा सरळ सामना झाला.

मायदेशात या काळात निर्वासित लेखकांची पुस्तकं ग्रंथालयांच्या कपाटांतून काढून कुलूपबंद विशेष कक्षात ठेवली गेली, पुष्कळ नष्टही झाली. अशा वेळी कांग्रोनं एक काम केलं ते कवीला न शोभणारं वाटेल. त्यानं यादी केली. १९४४ नंतर स्वतंत्र जगात छापल्या गेलेल्या एस्टोनियन पुस्तकांची सूची त्यानं सिद्ध केली आणि ती १९७१ साली निघाली. १९७३ साली आर्वो मागी आणि रिस्तिकिवी यांच्यासोबत निर्वासित एस्टोनियन साहित्याचा इतिहासही प्रसिद्ध झाला. ज्या सत्तेनं नावं खोडायला माणसं नेमली होती, तिला दिलेलं हे सर्वांत नेमकं उत्तर होतं असं मी म्हणेन. सूचीत नोंद झालेलं पुस्तक कधी ना कधी शोधून काढता येतं.

या साऱ्या कारकुनीत कवीचं काय झालं? युद्धानंतर त्याचे संग्रह भराभर आले: ‘जळालेलं झाड’ १९४५ मध्ये, त्यानंतर जवळजवळ दरवर्षी एक. १९५० च्या दशकात वेग मंदावला, सुनीतं मागे पडली, मुक्त आणि तुटक ओळी आल्या. १९५२ च्या संग्रहाचं नाव ‘कुणाचीच नसलेली जमीन’, १९६६ च्या संग्रहाचं ‘सावल्यांचा प्रदेश’. लोककथेतली भुतं तशीच राहिली, फक्त आता भूत होतं ते कवीचं गाव.

आणि मग १९५८ पासून त्यानं तार्तू लिहायला घेतलं. ‘यालाट्टेद’ म्हणजे हिमझरे, ‘एमायोगी’, ‘तार्तू’, ‘किविसिल्द’ म्हणजे दगडी पूल, ‘काळं पुस्तक’ आणि १९६९ सालचं ‘वावटळीची आग’, अशा सहा कादंबऱ्या. एमायोगी ही तार्तूमधून वाहणारी नदी. तिच्यावरचा दगडी पूल रशियाची सम्राज्ञी कॅथरिन हिच्या काळात, १७८४ साली पुरा झालेला. कांग्रोच्या पिढीचे विद्यार्थी त्या पुलावरून रोज जा-ये करत. १९४१ साली माघार घेणाऱ्या लाल सैन्यानं तो उडवला आणि उरलेला भाग १९४४ मध्ये जर्मनांनी. गावाचा जुना मध्यभाग दोन्ही वेळा जळाला. म्हणजे कांग्रो लुंडमध्ये बसून जे शहर रचत होता ते जगात कुठेच उरलं नव्हतं. गल्ल्या, कॉफीघरं, विद्यार्थ्यांच्या भाड्याच्या खोल्या, नदीवरचा धुकट पहाटप्रहर, १९३० च्या दशकातली ती बेफिकीर, हुशार, घाबरलेली मुलं आणि त्यांच्यावर हळूहळू चढत येणारं युद्ध. कादंबऱ्यांची रचना सरळ नाही. काळ पुढे-मागे होतो, स्वप्न आणि प्रसंग एकमेकांत मिसळतात, मेलेली माणसं जिवंतांशी बोलतात. स्मरणरंजनाच्या गोड वाटेनं तो जात नाही, हे मला त्याचं मोठेपण वाटतं. त्याचं तार्तू सुंदर आहे, पण त्यात लोक भित्रेपणा करतात, विश्वासघात करतात, वेळेवर काही ओळखत नाहीत.

प्रत्यक्ष तार्तूला जाणं मात्र अशक्यप्राय होतं. १९६५ साली हेलसिंकी ते ताल्लिन बोट पुन्हा सुरू झाली, काही निर्वासित नातेवाइकांना भेटायला ताल्लिनला जाऊन येऊ लागले. पण तार्तूच्या वेशीवर सोव्हिएत बॉम्बफेकी विमानांचा राडी हा तळ होता, म्हणून परदेशी माणसाला त्या गावात रात्रीचा मुक्काम करता येत नसे. एवढ्या काळात कांग्रोची पुस्तकं चोरवाटांनी, पाहुण्यांच्या सामानातून मात्र पलीकडे पोहोचत. ‘योनातान, हरवलेला भाऊ’ ही १९७१ सालची त्याची कादंबरी मायदेशी परतण्याच्या याच अशक्य स्वप्नाभोवती फिरते. १९८० च्या दशकात त्यानं ‘आर्बुयाद’च्या दिवसांच्या आठवणी लिहिल्या. तोवर ताल्विक, व्हीडिंग, सांग हे सोबती जाऊन वर्षं लोटली होती.

निर्वासित एस्टोनियन लेखकांच्या या जाळ्याचा एक धागा भारतापर्यंतही येतो. रीगात जन्मलेला, एस्टोनियन बापाचा आणि लाटव्हियन आईचा कवी इवार इव्हास्क १९४४ सालीच जर्मनीला पळाला आणि तिथून अमेरिकेत गेला. ओक्लाहोमा विद्यापीठातल्या ‘बुक्स अब्रॉड’चा तो १९६७ पासून संपादक होता, ज्याचं पुढे ‘वर्ल्ड लिटरेचर टुडे’ झालं. त्यानं सुरू केलेलं नॉइश्टाट पारितोषिक १९८८ साली भारतीय लेखक राजा राव यांना मिळालं. कविता एस्टोनियनमध्ये लिहायची आणि संपादन साऱ्या जगाच्या साहित्याचं करायचं, ही इव्हास्कची वाट. कांग्रोनं नेमकी उलटी वाट धरली. त्यानं एकाच भाषेला धरून ठेवलं. दोघांच्याही मागे १९४४ हेच वर्ष उभं आहे.

१९८८ च्या सुमारास एस्टोनियात कुलूपबंद कपाटं उघडू लागली. निर्वासितांची पुस्तकं आधी ग्रंथालयांत, मग दुकानांत दिसू लागली. २० ऑगस्ट १९९१ रोजी देशानं स्वातंत्र्य पुन्हा जाहीर केलं. आता साहित्य छापायला लुंडची गरज राहिली नव्हती, आणि ज्यांच्यासाठी ‘तुलिमुल्द’ निघत होतं ते बरेच वाचकही राहिले नव्हते. १९९३ साली नियतकालिक थांबलं. २५ मार्च १९९४ रोजी कांग्रो लुंडमध्ये वारला. १९४९ साली याच तारखेला वीस हजारांहून अधिक एस्टोनियन माणसांना, बहुतांशी बायका, मुलं आणि म्हाताऱ्यांना, सैबेरियाकडे नेणाऱ्या गाड्या सुटायला लागल्या होत्या. एस्टोनियात हा स्मरणाचा दिवस आहे. शेवटच्या रशियन तुकड्या देशाबाहेर गेल्या १९९४ सालीच, ३१ ऑगस्टला. पाच महिन्यांनी कांग्रोचा तो दिवस हुकला.

त्याच्याबरोबर लेखकांची सहकारी संस्थाही संपली. तिचा कारभार पुढे नेणारं कुणी नव्हतं आणि नेण्याची निकडही नव्हती. तार्तूच्या कादंबऱ्या मायदेशात पुन्हा छापल्या गेल्या आणि त्याच्या वोरू मुलखात त्याच्या नावानं साहित्याचं पारितोषिक दिलं जाऊ लागलं. परदेशस्थ लेखकांचा संघ काल्यू लेपिकच्या अध्यक्षतेखाली आणखी काही वर्षं टिकला. लेपिक १९९९ साली गेला आणि पुढच्या वर्षी, २००० साली, तो संघ मायदेशातल्या एस्टोनियन लेखक संघात विलीन झाला. ज्या संघानं १९५० साली बेट्टी आल्व्हेरला बाहेर काढलं होतं, त्याच संघाच्या यादीत आता वीरलाइदसारख्या लेखकांची नावं आली.